शॉकअप बदलले तरी गाडी मागून बसतेच? आधी स्प्रिंग मोजा

मागच्या सीटवर दोन-तीन माणसं बसली की गतिरोधकावर गाडी खालून घासते. खड्ड्यात मागून धप्पकन आवाज येतो. रात्री लो-बीमवर चालवत असूनही समोरचे सारखे डिपर मारतात. लांबून पाहिलं तर गाडी नाक वर करून उभी असल्यासारखी दिसते. गॅरेजमध्ये दाखवल्यावर मागचे दोन्ही शॉकअप बदलून मिळतात, थोडे दिवस बरं वाटतं, आणि पुढच्या लांबच्या प्रवासात पुन्हा तोच प्रकार सुरू होतो.

ही तक्रार सध्या सर्वांत जास्त येते ती सीएनजी टाकी असलेल्या, पाच-सात वर्षं वापरलेल्या लहान फॅमिली गाड्यांची. मुंबई-पुण्यात अशा गाड्या भरपूर आहेत आणि गणपतीत त्याच गाड्या पाच माणसं आणि गच्च भरलेलं सामान घेऊन कोकणात उतरतात. म्हणून हे सगळं अशाच गाडीच्या हिशोबानं लिहितो आहे. बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

वजन कोण पेलतं

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम वेगळं: स्प्रिंग दबली-सुटली की तिचं उसळणं थांबवायचं. तेलाचा साधा शॉकअप हातानं दाबून सोडला तर तो दाबलेल्या जागीच राहतो, आपणहून वर येत नाही. मग तो गाडी कशी उचलणार? गॅसवाला शॉकअप थोडा जोर लावतो, पण दांड्याची जाडी आणि आतला दाब धरून हिशोब केला तर गाडी त्यानं दोन-चार मिलिमीटर उचलली जाते. खाली बसलेली गाडी असते वीस-तीस मिलिमीटर खाली.

शॉकअप बदलल्यावर बरं का वाटतं, तेही सांगतो. गेलेला शॉकअप उसळी आवरत नाही, म्हणून स्प्रिंग पार तळाला जाऊन आपटते. नवा आल्यावर उसळी कमी होते, आपटणं कमी होतं आणि आपल्याला वाटतं दुखणं गेलं. उंची मात्र होती तेवढीच असते. थोडं जास्त वजन पडलं की पुन्हा आपटतं, आणि नवा शॉकअपही लवकर गळायला लागतो, कारण तो रोज त्याच्या शेवटच्या टोकाजवळ काम करत असतो.

मोजमाप

डोळ्यांना दिसतं त्यावर भरवसा ठेवू नका. एक मोजपट्टी घ्या आणि सपाट जागा शोधा. पार्किंगची फरशी सपाट वाटते पण तिला उतार असतो. तांब्याभर पाणी ओतलं की कळतं. डिकी रिकामी करा, स्टेपनी राहू द्या. चारही टायरमध्ये ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेली हवा भरा. मग हँडब्रेक न लावता गाडी हातभर पुढे-मागे ढकला, मागचा बंपर दोनदा दाबून सोडा, म्हणजे स्प्रिंगा आपापल्या जागी बसतील.

आता चाकाच्या बरोबर मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरची झीज आणि हवा त्या मापात शिरते. चार चाकांचे चार आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. मग त्याच मॉडेलची, त्याच इंधनाची, शक्यतो कमी चाललेली दुसरी गाडी गाठा आणि तिचीही मापं घ्या. सोसायटीत किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये अशी एखादी सापडतेच. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर उत्तमच.

आकडे असे वाचायचे. मागची दोन्ही चाकं सारखीच खाली असतील तर स्प्रिंगा बसल्या आहेत किंवा वजन कायमचं वाढलं आहे. एकच बाजू दहा-पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त खाली असेल तर तुटलेली स्प्रिंग किंवा निखळलेलं रबर शोधायला लागा. रिकामी गाडी बरोबर उंचीवर आणि भरल्यावरच घासत असेल तर स्प्रिंग बहुधा ठीक आहे. गाडीत वजन जास्त भरलं जातंय किंवा बंप स्टॉप, म्हणजे शेवटचा दणका झेलणारा मऊ ठोकळा, संपलाय.

यात एक फसवणूक आहे. पुढची एखादी स्प्रिंग खचली तरी मागचा तिरपा कोपरा वर-खाली दिसतो. ज्या गाडीला पुढे मधोमध जॅक लावायची जागा कंपनीनं दिली आहे तिथं ट्रॉली जॅक लावून पुढची चाकं जेमतेम उचला. पुढचा भाग एकाच बिंदूवर टेकला की गाडीचा कल फक्त मागच्या स्प्रिंगांवर ठरतो. तरीही मागची एक बाजू खालीच असेल तर दोष मागेच आहे. हे करताना गाडीखाली कोणीही जायचं नाही. आणि अपघातात मडगार्ड ठोकून बसवलेलं असेल तर त्याच्या कडेवर विसंबू नका. दाराखालच्या पट्टीची जमिनीपासूनची उंची दोन्ही बाजूंना ताडून बघा.

टॉर्च घेऊन खाली बघताना

सर्वांत आधी स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा बघा. पावसाळ्यातला चिखल स्प्रिंग ज्यात टेकते त्या खालच्या वाटीत साचतो, ओल तिथंच राहते, रंगाचा थर उडालेल्या जागी गंज धरतो आणि तिथूनच वेढा मोडतो. किनारपट्टीला राहणाऱ्यांच्या गाड्यांत हे फार लवकर होतं. मोडलेला तुकडा वाटीतच पडून राहतो, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला स्प्रिंग धडधाकट दिसते.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे आलेली एक सीएनजी हॅचबॅक अशीच होती. शॉकअप नवेकोरे, वरचा स्टिकरसुद्धा निघाला नव्हता. त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीत मागचं माप 362 मिलिमीटर भरलं. हिच्यात डावीकडे 341 आणि उजवीकडे 322. उजवीकडची वाटी पाण्यानं धुतली तेव्हा चिखलाखालून स्प्रिंगच्या टोकाचा पाऊण वेढा सुटा निघाला. मोडलेल्या तोंडावर चंद्रकोरीएवढा भाग काळपट गंजलेला आणि उरलेला भाग करड्या दाणेदार पोलादाचा. म्हणजे चीर आधीच पडलेली होती, ती हळूहळू आत गेली आणि एका दणक्यात उरलेलं पोलाद तुटलं. घरच्यांना विचारलं तेव्हा आठवलं की एकदा गाडी नुसती उभी असताना 'टण्ण' असा मोठा आवाज आला होता. हा आवाज आला असेल तर मिस्त्रीला आवर्जून सांगा, त्याचं अर्धं काम तिथं होतं.

डावीकडची स्प्रिंग मोडलेली नव्हती तरी एकवीस मिलिमीटर खाली होती. अशा अखंड स्प्रिंगला आपण 'नरम पडली' म्हणतो. प्रत्यक्षात पोलादाचा ताठपणा वयानं फारसा बदलत नाही. वर्षानुवर्षं जास्त ताणाखाली राहून तिची मूळची लांबी कमी होते. काढलेली स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी फरशीवर उभी केली की फरक डोळ्यांनी दिसतो. गंजाची गोष्ट मात्र वेगळी. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. 12 मिलिमीटरची तार गंजून 11.5 झाली तर ताठपणा जवळजवळ 16 टक्के घटतो आणि उरलेल्या पोलादावरचा ताण 13-14 टक्के वाढतो. म्हणून पापुद्रे सुटायला लागलेली स्प्रिंग, उंची बरोबर असली तरी, मी गाडीत ठेवत नाही.

मग स्प्रिंगच्या वर-खालचं रबर बघा. हे पॅड चिरडून पातळ होतात किंवा कोणीतरी काम करताना बसवायचंच विसरतो. तेवढ्यानंही उंची काही मिलिमीटर जाते आणि लोखंडाला लोखंड घासून आवाज येतो. बंप स्टॉप फोमसारख्या मऊ मालाचा असतो. त्याचा भुगा झाला असेल तर धूळ-टोपी वर सरकवल्यावर बोटाला चुरा लागतो. तो नसला की गाडी खाली बसत नाही, पण भरल्या गाडीत आपटल्याचा दणका थेट बॉडीत जातो.

शॉकअपही तपासायचा, फक्त उंचीसाठी नाही. अंगावर धुळीचा ओलसर थर असणं चालतं. तेल ओघळत असेल तर बदला. मागचा कोपरा जोरात दाबून सोडल्यावर गाडी वर येऊन तिथंच थांबायला हवी; दोन-तीनदा झुलली तर शॉकअप गेला.

मागची दोन चाकं जोडणाऱ्या एक्सलचं किंवा बीमचं वेल्डिंग, बॉडीला स्प्रिंग टेकते ती जागा आणि बुश (सांध्यातली रबरं) एकदा नीट बघून घ्या. तिथं चीर किंवा गंजून पडलेलं भोक दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका.

टाकीचा हिशोब

60 लिटरची पोलादी सीएनजी टाकी, तिचा स्टँड, व्हॉल्व्ह वगैरे धरून डिकीत साधारण 70 किलो वजन कायमचं येतं. ती मागच्या एक्सलच्याही थोडी मागे बसते. चाकांमधलं अंतर 2400 मिलिमीटर आणि टाकीचा मध्य एक्सलच्या 300 मिलिमीटर मागे धरला तर मागच्या चाकांवर 70 नाही, जवळजवळ 79 किलो पडतात आणि पुढची चाकं 9 किलोनं हलकी होतात. म्हणजे जादाचं एक माणूस रात्रंदिवस डिकीत बसलेलं असतं.

कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या गाडीला सहसा मागे वेगळ्या स्प्रिंगा असतात. बाहेरून किट बसवलेल्या गाडीला पेट्रोलच्याच स्प्रिंगा राहतात. लहान गाडीत माणसं आणि सामान मिळून साधारण 400-450 किलोची मुभा असते. 430 धरा: किटचे 70 गेले, सरासरी 65 किलोची पाच माणसं बसली की 325 गेले. सामानाला उरले 35 किलो. तांदळाचं एक पोतं आणि दोन बॅगा त्यातच संपतात. आरसीवर लिहिलेलं रिकाम्या गाडीचं वजन आणि गाडीवरच्या पाटीवरचं एकूण वजन बघून आपल्या गाडीचा हिशोब एकदा कागदावर मांडा.

नव्या स्प्रिंगा टाकूनही गाडी पुन्हा बसते त्याचं बहुतेक वेळा कारण इथंच असतं. दुकानात 'अमुक गाडीची मागची स्प्रिंग द्या' म्हटलं की पेट्रोलची मिळते. दिसायला तशीच, बसतेही बरोबर, आणि सीएनजी गाडी काही महिन्यांत परत खाली. चॅसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतात, ते कोणत्या वजनासाठी ती आहे ते सांगतात. जुन्या स्प्रिंगचा रंग दिसत असेल तर फोटो काढून ठेवा. बाहेरून किट बसवलं असेल तर त्याच मॉडेलच्या कंपनी-सीएनजीची स्प्रिंग आपल्या गाडीला बसते का, हे पार्टच्या काउंटरवर विचारा. बसत असेल तर मी तोच मार्ग घेतो.

उंची वाढवण्याचे सोपे उपाय

वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर सगळीकडे मिळतात आणि पाच मिनिटांत बसतात. गाडी वर येते हे खरं. पण बफर एक वेढा जवळपास बंद करतो, त्याचं काम बाकीच्या वेढ्यांवर पडतं आणि रबराखाली रंग घासून ओल धरते. आधीच चीर गेलेल्या किंवा गंजलेल्या स्प्रिंगला हा बफर लावणं मला धोक्याचं वाटतं. स्प्रिंग चांगली आहे आणि वर्षातून एक-दोनदाच गाडी भरते, अशांनी स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी लावलेली बरी. ती दोन्ही बाजूंना सारख्या दाबानं भरायची आणि कंपनीच्या एकूण वजनाची मर्यादा तिच्यानं वाढत नाही हे लक्षात ठेवायचं.

स्प्रिंग तापवून ताणून देणारे अजून भेटतात. देऊ नका. तापवल्यावर पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं आणि ती स्प्रिंग पुन्हा बसते किंवा मोडते. भंगारातली स्प्रिंगही नको. तीही कुणाच्यातरी गाडीत तेवढीच वर्षं दबलेली असते.

बदलताना

दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा जोडीनं बदला, एक मोडली असली तरी. वर-खालची रबरं नवी घ्या, बंप स्टॉप चुरा झाले असतील तर तेही.

आधी रचना ओळखा. मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतील, जसे बीम एक्सलच्या बऱ्याच लहान गाड्यांत असतात, तर काम घरच्या अनुभवी माणसालाही जमण्यासारखं आहे. स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असेल तर तिच्या वरचा मधला नट, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावल्याशिवाय, कधीही सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. हे काम साधनं असलेल्या वर्कशॉपमध्येच द्या.

वेगळ्या स्प्रिंगच्या गाडीत क्रम असा. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग उरत नाही, कारण तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना असतो. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. गाडी उचलून बॉडीखाली दोन्ही बाजूंना स्टँड द्या. नुसत्या जॅकवर काम नको. एक्सलखाली ट्रॉली जॅक धरून ठेवा, मग शॉकअपचे खालचे बोल्ट काढा. एक्सल खाली सोडण्याआधी ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी), हँडब्रेकची केबल आणि एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर क्लिपमधून मोकळी करा. एक्सल होजवर लोंबकळला तर होज आतून फाटतो आणि ते बाहेरून दिसत नाही.

जॅक हळूहळू उतरवला की स्प्रिंग सैल होऊन हातात येते. कोणतं टोक वर होतं ते आधी खडूनं लिहून ठेवा. वाटी घासून धुवा, गंज काढून रंग द्या, पाणी जायचं भोक मोकळं करा. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक वाटीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. बोटभर सरकलेली असली तरी गाडी त्या बाजूला तिरकी दिसते.

यानंतरची गोष्ट घाईत राहून जाते. शॉकअपचे खालचे बोल्ट आणि सैल केले असतील तर बुशचे बोल्ट, गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच रबर पिळवटतं आणि कायम पिळलेलंच राहतं. असे बुश नवे असूनही लवकर फाटतात. किती आवळायचं ते मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क रेंचनं आवळा.

काम झाल्यावर

हेडलाइट तपासा. मागचा भाग 30 मिलिमीटर खाली आणि चाकांमधलं अंतर 2400 असेल तर 25 मीटरवर झोत साधारण 30 सेंटिमीटर वर चढतो. समोरच्या दुचाकीवाल्याच्या थेट डोळ्यांत. अनेकांनी गाडी बसल्यावर हेडलाइटचे स्क्रू फिरवून किंवा डॅशबोर्डवरची झोत वर-खाली करायची चकती खाली करून वेळ निभावलेली असते. गाडी मूळ उंचीवर आली की तो झोत आता फार जवळ पडेल आणि रात्री पुढचं दिसणार नाही. चकती शून्यावर आणा आणि झोत नव्यानं लावून घ्या.

एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या एक्सलला जोडलेला एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो. तो मागची उंची बघून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी बसली की त्याला वाटतं सामान भरलंय, म्हणून रिकाम्या गाडीतही मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात. पावसात ब्रेक मारल्यावर गाडी मागून हलते अशी तक्रार असेल तर याच्याकडे बघा. बसलेल्या गाडीवर कोणी हा व्हॉल्व्ह जुळवला असेल तर नव्या स्प्रिंगांनंतर तो मूळ सेटिंगवर आणून घ्या.

बोलेरो, जुन्या टवेरासारख्या मागे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांचं निदान याच पद्धतीनं होतं, फक्त बघायच्या जागा वेगळ्या: तुटलेला पाटा, मधला बोल्ट, यू-बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीचे) बुश. पाट्यांची कमान पुन्हा काढून घ्यायची असेल तर थंड अवस्थेत दाबून काढणाऱ्याकडे जा.

नव्या स्प्रिंगांवर दोन-तीनशे किलोमीटर झाले की त्याच फरशीवर, तशीच डिकी रिकामी करून, चारही मापं परत घ्या. चार-पाच मिलिमीटर उतरलेलं चालतं, रबरं आणि स्प्रिंगा जागेवर बसतात. डावी-उजवी सारखी हवीत. यापेक्षा जास्त उतरली असेल तर बिल आणि चॅसिस नंबर घेऊन पार्टच्या काउंटरवर जा आणि स्प्रिंगवरचा रंग त्यांच्या यादीशी ताडून मागा.